बेहड्याखालचा थांबा

इद्रिसनं कार्बोरेटरचं जेट उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटून त्या बारीक भोकातून आभाळ दिसतंय का ते पाहिलं आणि तोंडानं जोरात फुंकर मारली. जिभेवर पेट्रोलची चव आली. सकाळी आधी ही चव आणि मग चहा, असंच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरनं विडी बंद केली होती, तळलेलं बंद केलं होतं. पेट्रोलबद्दल तो बिचारा काही बोलला नव्हता.

“जेट साफच आहे अब्बा. भेग बघा, भेग,” अल्मास म्हणाली.

भेग होतीच. कार्बोरेटर इंजिनावर जिथं बसतो तिथल्या पायाला, केसाएवढी. दोनदा लांबी भरून बुजवली होती, दोनदा उघडी पडली होती. तिथून इंजिन फुकटची हवा ओढायचं आणि दम लागल्यासारखं धडधडायचं.

कर्जतच्या घरामागच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत नाकाडी उभी होती. हल्लीच्या ट्रकांची तोंडं सपाट असतात. हिचं इंजिन पुढे लांब बाहेर आलेलं, म्हणून इद्रिसच्या वडिलांनी तिला नाकाडी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळा बाजार म्हणायला लागला. लष्कराच्या लिलावात त्यांनी ती घेतली तेव्हा इद्रिसचा जन्मही झाला नव्हता. पेट्रोल पिणारी, हट्टी गाडी; पण डोंगरउतारावरचं गवत वखारीत आणून आणून तिनं इद्रिसच्या तीन बहिणींची लग्नं लावली. आता वखार गेली, गवताच्या उतारांवर बंगल्यांची कुंपणं आली, आणि नाकाडी मंडपाच्या खुर्च्या, नर्सरीची रोपं असलं काहीबाही वाहत होती. अडुसष्ट वर्षांचा इद्रिस अजून ती स्वतःच चालवायचा.

बाकावर दोन खोकी होती. एकात नेरळच्या नदीम भंगारवाल्यानं शोधून काढलेला दुसरा जुना कार्बोरेटर. दुसऱ्या खोक्यात अल्मासनं आणलेलं सामान: कार्बोरेटरच्या जागी बसणारा एक चकचकीत तोंडाचा भाग, एक पंप, वायरींचा जुडगा आणि साबणाच्या वडीएवढी काळी डबी. अल्मास खोपोलीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनांचा विभाग सांभाळायची. गेलं वर्षभर दर रविवारी ती ह्या खोक्यासाठी काही ना काही जमवत, कापत, जोडत होती.

“नदीमभाईचा कार्बोरेटर बसेल,” ती म्हणाली. “मी उघडून पाहिलाय, बरा आहे. पण मग पुन्हा तेच. थंडीत चोक ओढा, उन्हात पाणी ओता. हे इंजेक्शन घातलं की पेट्रोल दाबानं जातं. नळीत उकळायचा प्रश्नच नाही. कितीही ऊन असू दे, कसलीही चढण असू दे, बंद पडणार नाही.”

“कदीच नाय?”

“कधीच नाही.”

केवढ्या आनंदानं तिनं ते सांगितलं! इद्रिसनं मान खाली घालून जेट पुन्हा पुसलं.

“गेल्या वैशाखात काय झालं ते विसरलात का?” तिचा आवाज उतरला. “त्या खिंडीत गाडी बंद पडली, तुम्ही उन्हात उभं राहून पाणी ओतत होतात आणि चक्कर येऊन पडलात. मी पोचले तेव्हा तुम्ही दगडाला टेकून बसला होतात आणि ती आजी पदरानं वारा घालत होती. तोंड पांढरंफटक. मला अजून झोपेत ते तोंड दिसतं, अब्बा. मग ते हृदयाचं निघालं, दोन स्टेंट घातले, सगळं झालं. पण तुम्ही गाडी सोडणार नाही हे मला माहीत आहे. मग निदान गाडीनं तरी तुम्हाला सोडायला नको.”

 इद्रिसनं तिच्या हातांकडे पाहिलं. डाव्या अंगठ्यावर वायरींना डाग देताना भाजल्याचे दोन काळे ठिपके होते.

“शुक्रवारपर्यंत सांगतो,” तो म्हणाला.

“शुक्रवारपर्यंतच मला रजा आहे. आज मंगळवार.”

तेवढ्यात झोहरा चहा घेऊन आली. तिनं दोन्ही खोक्यांत डोकावून पाहिलं आणि नाकाडीला म्हणाली, “काय गं सवती, माझ्या नवऱ्याला दोन आणि तुला एक? तुझं काळीज मजबूत दिसतंय.”

अल्मास हसली. इद्रिस हसला नाही. झोहराच्या ते लगेच ध्यानात आलं. पोरगी पाने धुवायला मोरीकडे गेली तशी ती जवळ सरकली.

“सांगत का नाय तिला?”

“काय सांगू?”

“हेच की त्या खिंडीत गाडी बंद पडत नाय. तुमी पाडता.”

इद्रिसनं घाईघाईनं मोरीकडे पाहिलं. नळ मोठा सोडलेला होता.

गोष्ट चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या रस्त्यावरून एक फाटा डोंगरात शिरतो, खिंड चढतो आणि पलीकडच्या गवताच्या खोऱ्यात उतरतो. खिंड दोन्ही बाजूंनी चढायची. ऐन माथ्याशी बेहड्याचं जुनं झाड आणि झाडामागून ठाकर आदिवासींच्या बेहडेवाडीची पायवाट. इद्रिस तेव्हा चोवीस वर्षांचा होता. चैत्रातल्या दुपारी गवतानं शिगोशीग भरलेली नाकाडी घेऊन तो खोऱ्यातून चढत होता आणि बेहड्याखाली येऊन ती खरोखरच बंद पडली. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं नळीतलं पेट्रोल उकळलं होतं.

जाणत्या ड्रायव्हरनं अशा वेळी तासभर सावलीत बसावं. इद्रिसला कुठला दम? त्यानं बॉनेट उघडलं, बाटलीतलं पेट्रोल थेट कार्बोरेटरच्या तोंडात ओतलं आणि हँडल मारलं. इंजिन उलटं शिंकलं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ निघाला. मागे सुकं गवत. एक ठिणगी उडाली असती तर गवत, गाडी, वखार, बहिणींची लग्नं, सगळ्याची राख झाली असती. इद्रिस नुसता ओरडत राहिला. 

पायवाटेवरून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. नवी नवरी, अठराएक वर्षांची. तिनं ओरडा ऐकला, हंडा एका हातानं खाली घेतला, दुसऱ्या हातानं डोक्यावरची ओलीचिंब चुंबळ काढली आणि धावत येऊन ती कार्बोरेटरच्या तोंडावर थापली. जाळ गुदमरला. मग तिनं हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा त्या तापलेल्या इंजिनावर, नळीवर, पंपावर ओतला. वाफेचा लोट उठला. ती बाई म्हणजे चिंधी.

तो हंडा कसला होता हे इद्रिसला मागाहून कळलं. वाडीचं पाणी खाली ओढ्यातल्या डवऱ्यात. वाळूत खणलेला खड्डा तो. चैत्रात एक हंडा भरायला अर्धा तास लागायचा, वर तेवढीच चढण. आगीतून वाचून इद्रिस वखारीत गेला आणि चिंधी रिकामा हंडा घेऊन घरी गेली. सासूनं तिला काठीनं बडवलं. पाणी मोटारीला पाजलं म्हणून.

आठ दिवसांनी इद्रिस नवं लुगडं घेऊन वाडीत गेला. चिंधीचा नवरा पदू अंगणात कोयता पाजवत होता. त्यानं लुगड्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

“पान्याचं काय घ्यायचं असतं काय, शेट? नेव ते.”

पुढच्या शुक्रवारी इद्रिस गाडीत दोन पिंपं पाणी घालून गेला. रिकामी गाडी, इंजिन गार. बंद पडायचं काही कारण नव्हतं. पेट्रोलच्या टाकीचा पितळी कॉक त्याच्या सीटखालीच होता. पहिल्या वळणावर त्यानं तो बंद केला. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल बरोबर बेहड्यापर्यंत पुरलं आणि नाकाडी दोनदा खोकून थांबली.

“तापली गं बाय,” तो चिंधीला म्हणाला. “जरा तुझी चुंबळ ठेव पंपावर, तांब्याभर पानी घाल.” आणि मग पदूला, “ही दोन पिंपं रेडिएटरसाठी म्हनून आनलेली. एवढं वजन घेऊन परत येताना खिंड चढायची नाय ही. रिकामी करून घ्या, उपकार होतील.”

पदूनं गाडीकडे पाहिलं, पिंपांकडे पाहिलं. मग म्हणाला, “अडलेल्याला नाय कसं म्हनायचं?” आणि बायकांना हंडे आणायला सांगितलं.

दोन पिंपं पाणी जवळ असताना इंजिनावर ओतायला वाडीचं तांब्याभर पाणी का लागायचं, हे कुणी विचारलं नाही. होळीपासून पावसापर्यंत दर शुक्रवारी नमाज उरकून इद्रिस निघायचा आणि बेहड्याखाली नाकाडी खोकून थांबायची. त्यानं दुसरंही एक ठरवलं होतं. त्या वाडीच्या पाण्याचा एक थेंबही आपल्या घशाखाली जाऊ द्यायचा नाही. त्या पाण्यासाठी एका बाईनं मार खाल्ला होता. पहिल्या वर्षी चिंधीनं पेला पुढे केला तेव्हा त्यानं हात जोडून नको म्हटलं, आणि तेव्हापासून तो स्वतःची बाटली घेऊनच जायचा.

पदू तीन वर्षांपूर्वी गेला. वाडीत नळ आला, पण होळी झाली की त्यातून नुसता वारा यायचा. वखार नव्हती, तरी झोहराच्या शेळ्यांसाठी गवत आणायच्या निमित्तानं इद्रिस जातच राहिला. आणि आता लेक म्हणत होती, गाडी कधीच बंद पडणार नाही. मग बेहड्याखाली थांबायचं कशासाठी? पाणी आणलंय, घ्या, असं तोंडानं म्हटलं की पदूची माणसं लुगड्यासारखंच तेही परत करतील. चव्वेचाळीस वर्षं चाललेलं पाना एकदा फिरवला की संपेल.

बुधवारी दुपारी जेवताना तो नुसता घास चिवडत होता. झोहरानं त्याच्या ताटात भाकरी टाकली.

“नदीमचा कार्बोरेटर बसवा की मग,” ती हळूच म्हणाली. “पोरीला वाईट वाटेल, दोन दिवस रुसेल. लेकच हाय, जाईल कुठं?”

“वर्षभराचे रविवार घातलेत तिनं.”

“ते बी खरं.”

“कुनाकुनाचं किती घेऊन बसलोय मी, झोहरा. फेडायचं तरी कुनाचं आधी?”

झोहरानं कालवणाचं भांडं पुढे ओढलं. तिनं भाकरीवर कालवण वाढलं, नेहमीपेक्षा एक पळी जास्त.

हात धुऊन इद्रिस अंगणात आला. अल्मास नाकाडीच्या सीटवर एकटीच बसून डॅशबोर्डखाली काहीतरी करत होती. चोकचा जुना काळा गोळा तिनं ओढला, पुन्हा आत ढकलला. लहानपणी ती ह्याच सीटवर उभी राहून तो गोळा ओढायची आणि गाडी आपणच सुरू केली असं गावभर सांगायची. इद्रिसला एकदम भरून आलं. ही पोरगी आपल्या जिवासाठी एवढी खपते आहे आणि आपण तिच्याशी खोटं वागतो आहोत, ह्याची त्याला लाज वाटली.

त्यानं नदीमचं खोकं उचललं आणि दोरीनं बांधायला घेतलं.

“हे परत देऊन येतो,” तो म्हणाला. “तू तुझं काम सुरू कर.”

अल्मास सीटवरून उडी मारून उतरली आणि तिनं त्याला मिठी मारली. तिच्या हाताचं ग्रीस त्याच्या सदऱ्यावर लागलं. झोहरा दारातून ओरडली की शुक्रवारचा सदरा आहे तो.

दोन दिवस अंगणात नुसती खटपट चालली होती. इद्रिस पाने देत होता, दिवा धरत होता, आणि एखादा नट आवळायला मिळाला की खूश होत होता. गुरुवारी दुपारी अल्मास गाडीखाली आडवी होती. 

“अब्बा,” तिनं खालूनच विचारलं, “सायलेन्सर आणि पेट्रोलच्या नळीच्या मध्ये हा पत्रा कधी लावलात?”

“कुठला?”

“हा. आणि नळीला दोरी गुंडाळलीय. फार जुनं काम आहे, पण झकास आहे.”

“असंल. आठवत नाय.”

“असा पत्रा असला की नळी तापतच नाही. कार्बोरेटर असला तरी.”

इद्रिस स्वच्छ पाना पुन्हा पुसायला लागला. गाडीखाली पत्र्यावर दोनदा बोट वाजलं. मग अल्मासचा हात बाहेर आला.

“बारा नंबर द्या,” ती म्हणाली.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर त्यानं किल्ली फिरवली. चोक नाही, हँडल नाही, विनवण्या नाहीत. नाकाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि अशी एका सुरात चालू लागली की इद्रिसला क्षणभर वाटलं, ही दुसऱ्याचीच गाडी आहे. झोहरा टाळ्या पिटत म्हणाली, “सुंठीवाचून खोकला गेला की गं बाई!” आणि मग नवऱ्याचं तोंड पाहून गप्प झाली. तिनं स्वतःच नळी लावून दोन्ही पिंपं काठोकाठ भरली.

“मी येते बरोबर,” अल्मास म्हणाली आणि चढून बसली.

गाडी फाट्याला लागली. ऊन मी म्हणत होतं. चढण सुरू झाली. पूर्वी इथं गियर बदलताना नाकाडी कुरकुरायची. आज ती पिंपं घेऊन अशी वर निघाली की इद्रिसला तिला आवरावं लागत होतं. पहिलं वळण आलं. त्याच्या मनात नसताना त्याचा हात सवयीनं सीटखाली गेला. तिथं काही नसणार हे त्याला माहीत होतं. नव्या नळ्या, नवा पंप. जुनं सगळं निघालं होतं.

पितळी कॉक बोटांना लागला.

त्यानं चमकून अल्मासकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर करवंदीच्या जाळ्या बघत होती.

“तो काढला नाही मी,” ती तोंड न वळवता म्हणाली. “पेट्रोल आता त्यातून जात नाही. पंपाची वायर तिथून घेतलीय. फिरवलात की पंप बंद होईल, गाडी थांबेल.” मग थोडं थांबून, “झिजून गुळगुळीत झालाय हो तो. इतका झिजलेला कॉक मी कुठल्या गाडीत पाहिला नाही.”

इद्रिसच्या डोळ्यांपुढचा रस्ता पाणावला. अल्ला, काय लेक दिलीस! त्याला एवढंच सुचलं. बापाचं खोटं तिनं पकडलं होतं, आणि ते बोलून दाखवण्याऐवजी त्याला चालू ठेवायला वायर जोडून दिली होती.

दुसरं वळण गेलं. हात कॉकवरच होता. आता एक पीळ दिला की झालं; नाकाडी थांबेल, तो ‘तापली गं बाय’ म्हणेल, चुंबळ येईल, पिंपं रिकामी होतील. सगळं पहिल्यासारखं. पण ही गाडी आता खोकणार नव्हती, आणि त्यालाही खोकायचा कंटाळा आला होता. त्यानं हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

बेहड्याखाली चिंधी उभी होती. केस पांढरे, पाठीला बाक, खांद्यावर ओली चुंबळ, हातात पितळेचा तांब्या. इद्रिसनं ब्रेक दाबला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

चिंधी बॉनेटपाशी आली आणि थबकली.

“आज खोकली नाय ती.”

“नाय.”

“बरी झाली?”

“पोरीनं बरी केली,” इद्रिस खाली उतरत म्हणाला. “आता बंद पडायची नाय ती.”

“बेस केलंस गं,” चिंधी अल्मासला म्हणाली. “बापाची पार दशा झालेली गेल्या साली.” मग तिनं खांद्यावरच्या चुंबळीला हात लावला, काढावी की नाही अशी. “मंग थांबलास कशाला, शेट?”

चव्वेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.  इद्रिसनं तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

“तहान लागली,” तो म्हणाला.

“बाटली हाय की तुझी.”

“ती नको. ते दे.”

चिंधीनं तांब्या पुढे केला नाही. उलट पोटाशी धरला.

“ह्ये आमचं पानी हाय.”

“तेच पायजे.”

“कदी प्यायला नायस तू,” ती म्हणाली. रागानं नव्हे, आठवून आठवून सांगावं तसं. “पयल्या साली मी पेला दिला, तू हात जोडलेस. पदू मला म्हनला, चिंधे, पुन्यांदा देव नको. शेट मानूस सोन्यासारका, पन शेटलोक. आपल्या हातचं त्येच्या घशाखाली उतरायचं नाय. चालायचंच. मी म्हनले, नाय तर नाय, त्येची मोटार तर पिती.”

इद्रिस जागच्या जागी उभा राहिला.  ज्या गोष्टीला तो आयुष्यभर आपण त्यांना दिलेला मान समजत आला, ती ह्या माणसांनी आयुष्यभर अपमान म्हणून पोटात घातली होती. आणि तरी दर शुक्रवारी चुंबळ भिजवून आणली होती. पदू तर ते तसंच मनात घेऊन गेलाही.

“अगं नाय गं बाय,” तो एक पाऊल पुढे झाला. “तसं नाय. त्या दिवशी तू हंडा ओतलास, आनि सासूनं तुला मारलं. मला मागून कळलं. तवाच ठरवलं की ह्या वाडीचं पानी आपन एक थेंब बी कमी करायचा नाय. म्हनून नाय प्यालो. तुज्या हातचं म्हनून नाय. खुदाची कसम.”

चिंधी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खांद्यावरची चुंबळ ओढली आणि फाडकन त्याच्या दंडावर मारली. सदरा भिजला.

“येडा रं येडा!” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “एका मानसाच्या पिन्यानं डवरा आटतो काय? चाळीस वरसं सुकला बसलास आमच्या दारात! पदू आसता तर...”  तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला.

“आनि ती खोकनी,” जरा सावरल्यावर ती म्हणाली. “एका होळीला थंडी सरली नव्हती, शेकोटी हुती आमची हितं. तवा बी खोकली. बॉनेट हिरीच्या पान्यावानी गार. आमाला काय कळत नाय व्हय?”

“मग बोलला का नाय?”

“बोललो आसतो तर तू थांबला आसतास काय?”

अल्मास गाडीला टेकून उभी होती. तिनं खिडकीतून आत हात घालून डॅशबोर्डवरची बापाची प्लास्टिकची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी बेहड्याच्या मुळाशी ओतलं.

इद्रिसनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

“ओंजळ कशाला? घे की हातात,” चिंधी म्हणाली आणि तिनं तांब्या त्याच्या हातात दिला.

तो तांब्या वर धरून प्यायला. गटागटा नाही, एकेक घोट, थांबून. पाणी कोमट होतं, त्याला वाळूची, पितळेची आणि थोडी धुराची चव होती. हनुवटीवरून ओघळलेले थेंब त्यानं हातानं टिपले आणि तेही चाटले. तांब्या रिकामा झाल्यावर त्यानं तो उलटा करून पाहिला आणि तिला परत दिला.

“दोन पिंपं आनलीत,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी. गाडीसाठी नाय.”

चिंधीनं पिंपांकडे पाहिलं. मग रिकाम्या तांब्यात पाहिलं, मग अल्मासच्या उन्हानं लाल झालेल्या तोंडाकडे.

“वनिता,” तिनं पायवाटेकडे वळून सुनेला हाक दिली, “बायकांला सांग, हंडे घिऊन या म्हनावं. आनि घरातनं दोन तांबे पानी आन गं. पाव्हनं आल्यात.”